लाम्ब्रुस्को, इटलीची फेसाळती लाल वाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या वायनऱ्या पाहून आलेले, इटलीच्या सहलीची आखणी करणारे आणि मोटारउद्योगातील कामानिमित्त मोदेना-मारानेल्लो परिसरात राहिलेले वाचक लाम्ब्रुस्कोविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली असती, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाम्ब्रुस्को हे द्राक्षाचे नाव आहे की वाइनचे?

दोन्हींचे. उत्तर इटलीत पो नदीच्या दक्षिणेला मोदेना, रेज्जो एमिलिया आणि पार्मा या प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या लावल्या जाणाऱ्या डझनभर काळ्या द्राक्षवाणांना मिळून लाम्ब्रुस्को म्हणतात, आणि त्यांच्यापासून होणारी फेसाळती, बहुधा लाल, वाइनही त्याच नावाने विकली जाते. शेजारच्या लोम्बार्दीतील मान्तोवा प्रांतातही ती होते. हे वाण एका नावाखाली नांदत असले, तरी रंग, आंबटपणा आणि तुरटपणा यांबाबतीत त्यांच्यात एवढी तफावत आहे की, एका बाटलीवरून ‘लाम्ब्रुस्को आवडत नाही’ असे ठरवणे म्हणजे एक रायवळ चोखून हापूसविषयी मत देण्यासारखे आहे. म्हणून नुसते ‘लाम्ब्रुस्को’ हे नाव न पाहता ‘कोणती लाम्ब्रुस्को’ हे पाहावे. या पानावरील निम्मी उत्तरे शेवटी तेथेच येऊन पोहोचतात.

२. अमेरिकेतील ‘लाब्रुस्का’ जातीची द्राक्षे ती हीच का?

नाही. लाब्रुस्का ही अमेरिकेतील वेगळी वनस्पती-प्रजाती आहे. जांभळ्या जेलीसाठी प्रसिद्ध असलेले कॉनकॉर्ड हे तिचेच फळ, आणि कर्नाटकात पिकणाऱ्या ‘बंगलोर ब्लू’मध्येही तिचा अंश आहे. लाम्ब्रुस्कोचे वाण युरोपीय प्रजातीतले, म्हणजे ज्या प्रजातीत कॅबर्ने आणि शिराझ येतात त्याच प्रजातीतले आहेत. प्राचीन रोमन लेखकांनी रानवेलीसाठी वापरलेला शब्द दोन्हीकडे पोहोचला, एवढाच काय तो संबंध.

३. सोर्बारा, ग्रास्पारोसा आणि सालामिनो यांत फरक काय? पहिली बाटली कोणती घ्यावी?

सोर्बारा मोदेना शहराच्या उत्तरेला, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांच्या मधल्या वाळूमिश्रित गाळाच्या सपाट जमिनीत पिकते. तिचा रंग फिका, गुलाबीकडे झुकणारा असतो, आम्लता चढी असते आणि वासात व्हायोलेटची फुले व रानटी स्ट्रॉबेरी यांची आठवण येते. तुरटपणा जवळजवळ जाणवत नाही. ग्रास्पारोसा याच्या अगदी उलट आहे. ती शहराच्या दक्षिणेला, कास्तेल्वेत्रो गावाभोवतीच्या चिकणमातीच्या टेकड्यांवर होते, शरद ऋतूत तिच्या घडाचे देठ आणि पाने लालभडक होतात, आणि ग्लासात ती गडद जांभळी, भरदार व चांगलीच तुरट उतरते. मारानेल्लो हे मोटारींमुळे जगाला ठाऊक झालेले गाव याच पट्ट्यात येते. सालामिनोचे नाव कार्पीजवळच्या सान्ता क्रोचे या गावाशी जोडलेले आहे. तिचा घड लहान, लांबट आणि घट्ट असल्याने त्याला सलामी या इटालियन सॉसेजवरून ‘छोटी सलामी’ असे नाव मिळाले. चवीला ती या दोहोंच्या मधली असून लागवड सर्वांत विस्तृत आहे. याखेरीज पार्माकडे गडद रंगाची माएस्त्री आहे, रेज्जो एमिलियात मारानी आहे, आणि रंग गडद करण्यासाठी थोडी आन्चेल्लोत्ता ही द्राक्षेही मिसळली जातात.

पहिली बाटली सोर्बाराची, आणि तीही ‘सेक्को’ म्हणजे कोरडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रास्पारोसा अधिक लवकर आवडते हे खरे. परंतु या प्रदेशात जे घडते आणि इतरत्र सहसा घडत नाही, ते सोर्बारात दिसते.

४. सोर्बाराला फळ कमी धरते असे वाचले. मग शेतकरी ती लावतात तरी कशाला?

द्राक्षाच्या बहुतेक लागवडीखालील वाणांची फुले उभयलिंगी असतात, म्हणजे एकाच फुलात परागकण आणि बीजकोश दोन्ही कार्यक्षम असतात, आणि वेलीला शेजाऱ्याची गरज पडत नाही. सोर्बाराचे फूल मात्र कार्यतः केवळ मादी आहे. भिंगाखाली पाहिले तर तिचे पुंकेसर ताठ उभे न राहता मागे वळून खाली झुकलेले दिसतात, आणि त्यांतील पराग निर्जीव असतो. म्हणून बागेत मध्ये मध्ये दुसऱ्या वाणाच्या ओळी लावाव्या लागतात. हे काम बहुधा सालामिनोला दिले जाते, कारण दोघांचा फुलोरा साधारण एकाच वेळी येतो. मेअखेर ते जूनच्या आरंभी फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस लागला किंवा थंडी परतली, तर परागीभवन बिघडते. मग घड विरळ राहतो, आणि मोठ्या मण्यांच्या मध्ये बारीक, बिनबियांचे मणी अडकलेले दिसतात. आपल्याकडील द्राक्ष बागायतदारांना हे दृश्य परिचित असेल.

तोट्याचे हे गणित दुसऱ्या बाजूने फायद्याचे ठरते. विरळ घडात हवा खेळते, मण्यांना रोगाचा त्रास कमी होतो, आणि बारीक मण्यांमुळे रसात आम्लता आणि सुगंध एकवटतात. ‘लाम्ब्रुस्को दि सोर्बारा’ या संरक्षित नावाच्या नियमांतही ही शेजारधर्माची गरज गृहीत धरलेली आहे: किमान ६० टक्के सोर्बारा असली की उरलेला भाग बराचसा सालामिनोचा चालतो. ग्रास्पारोसा आणि सालामिनो या नावांसाठी मात्र किमान ८५ टक्के तेच वाण असावे लागते.

५. लाल वाइनमध्ये बुडबुडे येतात कुठून? त्यात सोडा मारतात का?

संरक्षित नावाच्या लाम्ब्रुस्कोत बाहेरून वायू भरण्यास परवानगी नाही. बुडबुडे दुसऱ्या आंबवणीतून येतात. यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भांडे बंद असेल तर वायूला वाट मिळत नाही आणि तो द्रवातच विरघळून राहतो. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण १ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा, दाब निर्माण होतो. ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणजे मंद फेसाळत्या वाइनचा दाब १ ते २.५ बार असल्याने तिला त्यासाठी जेमतेम १० ग्रॅम साखर लागते. बहुतेक लाम्ब्रुस्को याच वर्गातली असते. ‘स्पुमान्ते’ या वर्गात दाब ३ बारच्या वर जातो, आणि शॅम्पेनमध्ये तो ६ बारच्या आसपास असतो.

ही दुसरी आंबवण करण्याच्या तीन पद्धती आहेत. सर्वांत जुनी पद्धत निसर्गाने शिकवलेली आहे: ऑक्टोबरात आंबायला ठेवलेला रस पो खोऱ्यातील कडाक्याच्या थंडीत अर्ध्यावर थांबत असे, तो तसाच बाटलीत भरला जाई, आणि वसंतात ऊब लागली की उरलेली साखर बाटलीतच आंबून फेस धरीत असे. दुसरी पद्धत बंद पोलादी टाकीची, म्हणजे ऑटोक्लेव्हची. आस्ती येथील संशोधक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि फ्रान्समधील यूजेन शार्मा यांनी १९०७ मध्ये तिला सुधारित रूप दिले. आज बहुसंख्य लाम्ब्रुस्को याच पद्धतीने होते, कारण दाबाखाली, थंड टाकीत आंबवल्याने फळाचा ताजा वास टिकतो. शिवाय शून्य अंशाजवळ साठवलेला रस वर्षभर लागेल तसा आंबवता येतो. तिसरी पद्धत शॅम्पेनची, म्हणजे बाटलीत आंबवून गाळ काढून टाकण्याची. कोर्रेज्जो गावातील लिनी या १९१० पासूनच्या कौटुंबिक वायनरीने ती लाम्ब्रुस्कोवर दीर्घकाळ जपली आहे.

बाहेरून वायू भरलेल्या वाइनवर तसे स्पष्ट लिहिणे युरोपीय नियमांनुसार बंधनकारक आहे.

६. बाटलीच्या तळाशी गढूळ थर दिसला. वाइन खराब झाली आहे का?

बाटली धातूच्या बुचाची असेल आणि वाइन जुन्या पद्धतीने बाटलीतच आंबवलेली असेल (प्रश्न ५), तर तो थर मृत यीस्टचा आहे आणि तो असायलाच हवा. बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी ठेवून हलक्या हाताने ओतली, तर गाळ तळाशी राहतो. एमिलियात काही जण मुद्दाम बाटली एकदा सावकाश उलटी करतात, म्हणजे गाळ सर्व ग्लासांत सारखा मिसळतो आणि चव अधिक पावासारखी, खमंग होते. टाकीत आंबवलेल्या, गाळून भरलेल्या बाटलीत मात्र असा थर अपेक्षित नाही. तो दिसला आणि वासही आंबूस आला, तर ती परत करावी.

७. लाम्ब्रुस्को म्हणजे गोड, स्वस्त, कोल्ड्रिंकसारखी वाइन असेच ऐकले होते. ते खोटे आहे का?

खोटे नाही, पण अर्धवट आहे. रेज्जो एमिलियातील सहकारी वायनऱ्यांनी १९५० मध्ये ‘रिउनिते’ ही संस्था स्थापन केली. तिची गोडसर, हलकी लाम्ब्रुस्को १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारी आयात वाइन ठरली. बर्फ घालून पिण्याची तिची जाहिरात एका पिढीच्या तोंडी बसली होती. या व्यवहारातून हजारो छोट्या शेतकऱ्यांची द्राक्षे विकली गेली, म्हणून त्याची चेष्टा करणे मला पटत नाही. परंतु परदेशात लाम्ब्रुस्कोचे जे चित्र तयार झाले ते मात्र त्या एकाच बाटलीचे होते. मोदेनाच्या घरांत त्या काळातही कोरडी लाम्ब्रुस्को जेवणाबरोबर प्यायली जात होती. आज गोड आणि कोरडी दोन्ही मिळतात. फरक लेबलावर लिहिलेला असतो, तो कसा वाचावा हे पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

८. लेबलावरील शब्द कसे वाचावेत?

मंद फेसाळत्या लाम्ब्रुस्कोवर ‘सेक्को’ असेल तर ती कोरडी असून साखर लिटरमागे १५ ग्रॅमपर्यंत असते. ‘सेमीसेक्को’ किंवा ‘आब्बोक्कातो’ म्हणजे किंचित गोड, ‘आमाबिले’ म्हणजे जाणवेल इतकी गोड, आणि ‘दोल्चे’ म्हणजे ४५ ग्रॅमच्या वर, उघडउघड गोड. जास्त दाबाच्या स्पुमान्तेवर हे शब्द बदलतात. तेथे ‘ब्रूट’ म्हणजे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. आणि गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे नावाचा दर्जा. सोर्बारा, ग्रास्पारोसा दि कास्तेल्वेत्रो आणि सालामिनो दि सान्ता क्रोचे या नावांना १९७० मध्ये, तर रेज्जानो या नावाला १९७१ मध्ये ‘डीओसी’ हा संरक्षित दर्जा मिळाला. ‘एमिलिया आयजीटी’ हा सैल नियमांचा वर्ग आहे. त्यात सर्वांत स्वस्त बाटल्या येतात, पण नियमांत न बसणारे प्रयोग करणाऱ्या काही उत्तम छोट्या वायनऱ्याही येतात. म्हणून दर्जाच्या शिक्क्यापेक्षा वाणाचे नाव आणि गोडीचा शब्द आधी वाचावा.

९. ‘कौटुंबिक वायनरी’ हा केवळ विक्रीचा शब्द आहे की खरोखर काही फरक पडतो?

एमिलिया हा सहकाराचा प्रदेश आहे. आपल्या साखरपट्ट्याप्रमाणेच तेथे शेतकरी माल संस्थेला घालतो आणि वाइन संस्था करते. कौटुंबिक वायनरी म्हणजे द्राक्षे, टाक्या आणि लेबल एकाच घराचे. मोदेनाची क्लेतो क्यार्ली ही १८६० मधील वायनरी या प्रकारची सर्वांत जुनी मानली जाते. तिच्या संस्थापकाची मोदेनात खानावळ होती आणि तेथल्या गिऱ्हाइकांसाठी केलेली वाइन हाच धंदा झाला. सोर्बारातील पाल्त्रिनिएरी कुटुंब १९२६ पासून, तर रेज्जो एमिलियातील मेदीची एर्मेते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या व्यवसायात आहे. मेदीचीने १९९० च्या दशकात ‘कॉन्चेर्तो’ ही एकाच बागेतील सालामिनोची, लेबलावर वर्ष छापलेली कोरडी वाइन काढली. वर्ष छापणे ही आज किरकोळ गोष्ट वाटते. परंतु त्यामुळे ‘ही वाइन अमुक बागेची, अमुक हंगामाची’ असे म्हणण्याची जबाबदारी त्या घरावर आली, आणि लाम्ब्रुस्कोच्या बाबतीत तोवर तशी अपेक्षा कोणी करीत नव्हते.

फरक प्रामुख्याने बागेत पडतो. सोर्बाराच्या नियमांत हेक्टरी १८ टनांपर्यंत उत्पादन चालते. चांगली घरे त्याहून पुष्कळ कमी घेतात, आणि घड केव्हा तोडायचे हे टाकीच्या वेळापत्रकावरून न ठरवता मणी चाखून ठरवतात. मात्र कुटुंबाचे नाव ही गुणवत्तेची हमी नव्हे. सहकारी संस्थांच्या निवडक बाटल्या उत्तम असतात, आणि घरच्या वाइनच्या नावाखाली कंटाळवाणा मालही विकला जातो.

यांपैकी अनेक घरांच्या माळ्यावर लाकडी पिंपांची एक रांग असते. तिच्यात शिजवलेला द्राक्षरस, ज्यात लाम्ब्रुस्कोचा रसही असू शकतो, किमान १२ वर्षे मुरून मोदेनाचे पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर होते. भेटीला गेल्यावर ते दाखवा असे अवश्य म्हणावे.

१०. लाल वाइन असूनही थंड करावी का, आणि कशात प्यावी?

होय. सोर्बारा ८ ते १० अंशांवर आणि ग्रास्पारोसा १२ ते १४ अंशांवर घ्यावी. तुरट वाइन फार थंड केली की तुरटपणा कडवट लागतो. अरुंद उभट ग्लासापेक्षा पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास बरा, कारण वास घेता येतो. ओतताना जांभळट गुलाबी फेस भराभर वर येतो आणि तितक्याच लवकर बसतो, म्हणून दोन टप्प्यांत ओतावी. जुन्या खानावळींत पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पिण्याची पद्धत होती, आणि काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. काही बाटल्यांचे बूच परंपरेप्रमाणे सुतळीने बांधलेले असते. सुतळी कापण्याआधी अंगठा बुचावर ठेवावा.

११. बाटली किती दिवस ठेवता येते?

टाकीत आंबवलेली लाम्ब्रुस्को एक ते दोन वर्षांत संपवावी. जपून ठेवण्याने तिचे काहीच भले होत नाही. शॅम्पेन पद्धतीची सोर्बारा याला अपवाद असून ती काही वर्षे चांगली टिकते. उघडलेली बाटली दाबाचे झाकण लावून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहते.

१२. तिच्याबरोबर खायचे काय? आपल्या जेवणाबरोबर जमेल का?

एमिलियाचे स्वयंपाकघर चरबीचे आहे: पार्माचे प्रोशुत्तो (मुरवलेले डुकराचे मांस), बोलोन्याची मोर्तादेल्ला (जाड सॉसेज), मोदेनाचे झाम्पोने (खिमा भरलेला डुकराचा पाय), पार्मिज्यानो रेज्जानो चीज, आणि डुकराच्या चरबीत तळलेले, फुगून पोकळ झालेले ‘न्योक्को फ्रित्तो’ हे कणकेचे तुकडे. अशा प्रत्येक घासानंतर तोंड साफ करण्याचे काम वाइनची आम्लता आणि बुडबुडे करतात, आणि ही वाइन या प्रदेशात रुजण्याचे कारणही तेच आहे.

आपल्याकडील तळणीबरोबर, म्हणजे कोथिंबीर वडी, कांदाभजी किंवा तळलेल्या बोंबलाबरोबर, कोरडी सोर्बारा फार छान लागते. झणझणीत मटणाबरोबर ग्रास्पारोसा सेक्को घेऊ नये, कारण तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की जिभेची आग वाढते. तेथे थंड आमाबिले घ्यावी. थोडी साखर तिखटाला आवर घालते. गोड पदार्थांबरोबर कोरडी लाम्ब्रुस्को आंबट लागते, तेव्हा श्रीखंडापूर्वी ग्लास संपवलेला बरा.

१३. ही वाइन शाकाहारी असते का?

द्राक्षे आणि यीस्ट शाकाहारीच आहेत. प्रश्न वाइन स्वच्छ करण्याच्या टप्प्यावर येतो. तेथे अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, दुधातील केसीन किंवा जिलेटिन वापरले जाऊ शकते, तसेच बेन्टोनाइट ही मातीही वापरली जाते. अंडे किंवा दूध यांचा अंश उरला असेल, तर ॲलर्जीच्या दृष्टीने तो लेबलावर लिहावा लागतो, परंतु जिलेटिनचा उल्लेख तेवढ्यावरून कळत नाही. खात्री हवी असल्यास ‘व्हेगन’ असा शिक्का पाहावा किंवा वायनरीला थेट विचारावे.

वाइनपेक्षा मोठी अडचण सोबतच्या ताटात असते. पार्मिज्यानो रेज्जानो हे वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरूनच केले जाते, न्योक्को फ्रित्तो परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात (प्रश्न १२), आणि पालेभाजी व रिकोत्ता (मऊ ताजे चीज) भरलेल्या तोर्तेल्ली या पास्त्यातही हेच चीज असते. कडक शाकाहारी वाचकांनी हे आधी विचारून घ्यावे.

१४. माझी लाम्ब्रुस्को जवळजवळ गुलाबी होती. भेसळ असेल का?

ती सोर्बारा असेल तर रंग फिकाच असतो (प्रश्न ३). रंग द्राक्षाच्या सालीतून येतो, त्यामुळे साली रसात किती तास ठेवल्या यावर तो अवलंबून असतो. काही वायनऱ्या मुद्दाम रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, करतात, आणि साली लगेच वेगळ्या काढून काळ्या द्राक्षांची पांढरी लाम्ब्रुस्कोही केली जाते.

१५. नाशिकला ही द्राक्षे लावून अशी वाइन करता येईल का?

द्राक्षे इतर देशांत लावली गेली आहेत; माएस्त्री हा वाण अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियातही आहे. अडचण हवामानाची आहे. एमिलियात वेल हिवाळ्यात पूर्ण झोपतो, त्याची छाटणी एकदाच होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिकचा वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी बहार छाटणी अशा दोन छाटण्या करतो, आणि तोडणी उन्हे चढू लागण्याच्या सुमारास येते. अशा वेळी आम्लता लवकर उतरते, आणि लाम्ब्रुस्कोची सारी मदार तर आम्लतेवर आहे. त्यातून सोर्बारा निवडली तर परागीभवनाची कटकटही मागे लागेल (प्रश्न ४). फेसाळती वाइन नाशिक परिसरात चांगली होते, पण तिच्यासाठी तेथे रुळलेले वाण वापरणेच शहाणपणाचे वाटते.

१६. वायनरीला भेट द्यायची आणि बाटल्या भारतात आणायच्या, तर काय लक्षात ठेवावे?

छोट्या वायनऱ्यांना आधी ईमेल करून वेळ घ्यावी, आणि तोडणीच्या आठवड्यांत भेटीचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत घरातील सर्व माणसे टाक्यांपाशी असतात. शहरातून गाडीशिवाय पोहोचणे अवघड असते, आणि चाखणार असाल तर गाडी दुसऱ्याने चालवावी. बाटल्या चेक-इन सामानातच ठेवाव्या लागतात. प्रत्येक बाटली कपड्यांत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी, आणि निघण्यापूर्वी ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण तापमान वाढले की आतील दाबही वाढतो.

भारतात येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात सहज बसतात, तिसरीने मात्र सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या भागावर भरमसाट शुल्क लागते. एकट्याने प्रवास करीत असाल, तर एक सोर्बारा आणि एक ग्रास्पारोसा घ्यावी. सालामिनो तेथेच जेवणाबरोबर पिऊन घ्यावी.